शाळेत नवं तंत्रज्ञान रुजवायचं तर आधी धास्ती उतरवा

पडद्यावर एक चौकोन उघडतो: सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल. तासभर बसून भरलेले सहावीचे गुण समोर असतात. तीनपैकी एक बटण चुकलं तर सगळं जाईल, एवढंच त्या क्षणी कळत असतं. हात माउसवरून उचलला जातो आणि हाक जाते, "टीचर, जरा येऊन बघा हो." संगणकाची धास्ती म्हणतात ती हीच. हा आळस नव्हे. वयाचा दोषही नव्हे; तिशीतल्या शिक्षकालाही ती असते आणि निवृत्तीला टेकलेल्या एखाद्या बाईंना अजिबात नसते.

हा लेख गोव्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, संगणक शिक्षक आणि शाळेत नवं साधन आणायची जबाबदारी ज्यांच्यावर पडली आहे त्यांच्यासाठी आहे. साधन कोणतंही असो: इंटरॅक्टिव्ह पॅनल (स्पर्शाने चालणारा मोठा डिजिटल फळा), निकालपत्रकाची एक्सेल फाइल, दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप किंवा ऑनलाइन हजेरी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीपर्यंत दहा-बारा आठवडे हातात येतात. एका शाळेला एक साधन नीट रुजवायला तेवढे पुरतात, दोन साधनांना पुरत नाहीत.

'कठीण आहे' या शब्दांमागे काय असतं

लोक नवं तंत्र का स्वीकारतात यावर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं प्रारूप आजही सगळ्यात जास्त वापरलं जातं. माणूस मनात दोन प्रश्न विचारतो. याने माझं काम चांगलं होईल का? आणि हे वापरायला मला किती कष्ट पडतील? पहिली उपयुक्तता, दुसरी सुलभता. डेव्हिस यांच्या मोजणीत उपयुक्ततेचं पारडं जड निघालं. सुलभतेचा प्रभाव बराचसा उपयुक्ततेतूनच पुढे जातो, म्हणजे सोपी वाटणारी गोष्ट उपयोगाचीही वाटू लागते. नुसती सोपी पण निरुपयोगी गोष्ट मात्र कुणी जवळ करत नाही.

भीतीचा धागा विश्वनाथ वेंकटेश यांनी २००० मध्ये जोडून दाखवला. साधन हाताळण्याआधी ते सोपं की कठीण याबद्दल माणसाचं जे मत असतं, ते त्या साधनाबद्दलचं नसतंच. एकूण संगणकाबद्दल त्याला किती विश्वास आहे, किती भीती आहे, त्याच्याशी खेळून बघायची किती हौस आहे, यावरून ते बनतं. हाताळून झाल्यावर मग साधनाचा खरा सोपेपणा किंवा अवघडपणा त्या मतात मिसळतो. म्हणून पहिल्या दिवशी "कसं वाटलं?" विचारून काही उपयोग नाही. उत्तर साधनाचं मिळत नाही, माणसाच्या जुन्या अनुभवाचं मिळतं. तिसऱ्या-चौथ्या वापरानंतर विचारा.

व्यवहारात अडचण अशी की "हे फार कठीण आहे हो" हे एकच वाक्य दोन वेगळ्या दुखण्यांचं असतं. कधी ती धास्ती असते, कधी साधन खरंच किचकट असतं. ओळखायची साधी रीत आहे. त्या शिक्षकांच्या शेजारी माहीतगार माणसाने नुसतं बसायचं. हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. तेवढ्यानेच काम पुरं झालं, तर अडचण धास्तीची होती. शेजारी कुणी असूनही अडले, आणि दुसरे शिक्षकही नेमके तिथेच अडतात, तर अडचण साधनाची आहे. पहिल्यावर औषध सराव, दुसऱ्यावर पायऱ्या कमी करणं. औषधांची अदलाबदल केली की वर्ष वाया जातं.

आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. "हे मला जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो, असं अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, दुसऱ्याचे धीराचे शब्द, आणि शरीरमनाची त्या वेळची अवस्था. पहिली वाट सगळ्यात बळकट. आपली नेहमीची प्रशिक्षणं मात्र तिसऱ्या वाटेवरच अडतात. सभागृहात साठ जण, पुढे एक प्रोजेक्टर, भराभर क्लिक करणारा तज्ज्ञ आणि शेवटी "भिवपाची गरज ना" (घाबरायची गरज नाही). धीराच्या शब्दांनी बरं वाटतं, पण उद्या वर्गात एकटं उभं राहिल्यावर हाताला आठवतं ते हाताने केलेलंच.

पायरी १: धास्ती मोजा, कागदावर

अर्ध्या पानाची चिठ्ठी छापा. नाव नको. ऑनलाइन फॉर्म तर नकोच, कारण ज्यांची भीती मोजायची आहे तेच तो दुसऱ्याकडून भरून घेतील. प्रत्येक विधानापुढे १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) असे आकडे असू द्या.

१. चुकीचं बटण दाबलं तर काहीतरी कायमचं बिघडेल असं मला वाटतं.
२. मुलांसमोर संगणक वापरताना चुकलो, तर मान खाली जाईल असं वाटतं.
३. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की पुढे काय करायचं ते सुचत नाही.
४. शेजारी कुणी नसलं तरी मी नवीन गोष्ट उघडून बघू शकतो.
५. संगणकाचं काम शक्यतो मी दुसऱ्याकडून करून घेतो.
६. मध्येच अडकलो तर त्यातून बाहेर पडायला मला जमतं.

चौथं आणि सहावं विधान उलटं आहे, त्यामुळे तिथे मिळालेला आकडा ६ मधून वजा करायचा. बेरीज ६ ते ३० मध्ये येते. ही शाळेने स्वतःसाठी वापरायची चिठ्ठी आहे, तिच्यात पास-नापास नाही. संशोधनासाठी मोजायचं असेल तर १९८७ पासून वापरात असलेली १९ विधानांची संगणक-धास्ती मापनश्रेणी आहे. रोजच्या कामाला तिची गरज पडत नाही.

बेरजेपेक्षा विधानवार सरासरी जास्त बोलते. पहिल्या विधानाला आकडे चढले असतील तर आधी 'बिघडवून दुरुस्त करण्याचा' सराव घ्यायचा. दुसरं चढलं असेल तर वर्गात जायची घाई करायची नाही. तिसरं चढलं तर प्रश्न यंत्राचा नसून भाषेचा आहे. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी-कोंकणी माध्यमाच्या आणि पुढची माध्यमिक शाळा बहुतेक ठिकाणी इंग्रजी, त्यामुळे हे विधान प्राथमिकच्या शिक्षकांकडे आणि नुकतेच पाचवीत आलेल्या मुलांकडे वेगळं तपासण्यासारखं आहे.

पायरी २: साधन नव्हे, एक काम निवडा

"सर्वांनी स्मार्ट पॅनल वापरावा" हा आदेश झाला, त्याला काम म्हणत नाहीत. "घटक चाचणीचे गुण एक्सेलमध्ये भरायचे आणि बेरीज, टक्केवारी, श्रेणी त्यालाच काढू द्यायची" हे काम. किंवा "भूगोलाच्या तासाला एक नकाशा मोठा करून दाखवायचा". काम असं हवं, की ते वारंवार येतं, आज त्यात वेळ जातो आणि चुकलं तरी आभाळ कोसळत नाही. मंडळाच्या परीक्षेशी संबंधित काम पहिल्या सरावाला कधीही घेऊ नका.

इथे मुख्याध्यापकांना एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो टाळला की पुढचं सगळं कोसळतं. संगणकावर काम सुरू झालं की कागदावरचं कोणतं काम बंद होणार? ते लेखी द्या. ऑनलाइन हजेरी भरून पुन्हा वहीत हजेरी, एक्सेलमध्ये निकाल काढून पुन्हा हाताने तक्ता, असं दुहेरी काम राहिलं, तर शिक्षकांच्या दृष्टीने त्या साधनाची उपयुक्तता शून्याखाली जाते. मग त्यांना तंत्रज्ञान नको वाटतं, यात त्यांची काहीच चूक नाही. नियमामुळे कागद बंद करता येत नसेल, तर ते काम सोडा आणि दुसरं निवडा.

परिपत्रकाने वापर सुरू होतो हे खरं. वापर सक्तीचा असेल तिथे वरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या दबावाचा परिणाम सुरुवातीला दिसतो, आणि अनुभव वाढत जातो तसा तो ओसरतो. त्यानंतर उरतो तो कामाचा फायदा.

पायरी ३: पायऱ्या मोजा

एक वही घ्या आणि निवडलेलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करत प्रत्येक क्लिक, प्रत्येक पासवर्ड लिहा. पॅनलवर एक शैक्षणिक व्हिडिओ दाखवायचा, तर यादी साधारण अशी होते: मेन स्विच, पॅनलचं बटण, इनपुट निवडणं, लॉगिन पासवर्ड, वायफाय, ब्राउझर, संकेतस्थळ, पुन्हा लॉगिन, ओटीपी, इयत्ता, विषय, धडा, प्ले, आवाज. चौदा ठिकाणं झाली. त्यातला ओटीपी बऱ्याचदा मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर जातो आणि मुख्याध्यापक त्या दिवशी पणजीला सभेत असतात.

आता याच कामाच्या पायऱ्या छाटा. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवला (दीक्षाच्या मोबाइल ॲपमध्ये तशी सोय आहे), शिक्षकांच्या नावाचं फोल्डर डेस्कटॉपवर ठेवलं आणि फाइलला '६वी विज्ञान धडा ३' असं आपल्याला कळणारं नाव दिलं, की उरतात पाच: स्विच, बटण, लॉगिन, फोल्डर, फाइल. इंटरनेट लागतच नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर ही छाटणी चैन नसून गरज आहे. २०२० मध्ये रेंजसाठी मुलं डोंगर चढून बसत होती ते याच पट्ट्यात. ज्या साधनाचं चालणं रेंजवर अवलंबून आहे, ते शिक्षकांना कधीच सोपं वाटणार नाही, कारण ते आज चालेल की नाही हे त्यांच्या हातात नसतं.

छाटून झालं की पाच शिक्षकांना एकेकट्याने ते काम करायला सांगा. त्यात संगणकाची आवड असलेला एकच असावा. तुम्ही मागे बसून फक्त कोण कुठे थांबलं ते टिपा. पाचपैकी दोघे एकाच ठिकाणी अडले, तर ती पायरी बदला किंवा काढून टाका. पाच माणसं पुरतात. मोठे अडथळे तेवढ्यांतच दिसून येतात.

भाषेचं काय करायचं? विंडोज मराठीत करता येतं, पण शाळेसाठी तसं करू नये असं आमचं मत आहे. मदतीला येणारा तंत्रज्ञ, यूट्यूबवरचा व्हिडिओ, शेजारच्या शाळेतले सर, सगळे इंग्रजी नावांनीच बोलतात. मराठी मेनूपुढे तेही अडखळतात. त्याऐवजी एका पानावर त्या कामात येणारी आठ-दहा बटणं चित्रासकट छापा आणि पुढे मराठी अर्थ लिहा. 'डोन्ट सेव्ह: आत्ता केलेले बदल टाकून द्या. कॅन्सल: काहीच करू नका, मला परत फाइलवर न्या.' सुरुवातीला सांगितलेली ती भीती या दोन ओळींनी निम्मी होते. धास्ती वाटली की कॅन्सल दाबायचं, हे एकदा कळलं की माणूस मोकळा श्वास घेतो.

मराठी टायपिंग: जिथे बहुतेक गाडी अडते

याला वेगळी जागा देतो, कारण प्राथमिक शाळांत संगणक नकोसा होण्याचं हे मोठं कारण आहे. प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच उमटणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. घरच्या संगणकावर ती ठीक दिसते, शाळेच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यामुळे अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं उमटतात. शिक्षकांना वाटतं आपल्याकडून फाइल बिघडली. फाइल शाबूत असते, फक्त फॉन्ट नसतो. शाळेपुरता एकच नियम करा: यापुढे सगळं युनिकोडमध्ये. जुन्या फाइली फॉन्ट-परिवर्तकातून काढा आणि जोडाक्षरं, रफार, 'ऱ्य' एकदा डोळ्याखालून घाला, गडबड होते ती तिथेच.

कळफलक कोणता, हाही वाद नको. ज्यांना इंग्रजी टायपिंग येतं त्यांना विंडोजमधला मराठी फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवणारा) द्या. ज्यांना कोणतंच येत नाही त्यांना इनस्क्रिप्ट द्या, कारण त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला, अशी मांडणीच बाराखडी जाणणाऱ्यासाठी आहे. इनस्क्रिप्टचा पहिला धडा दोन मिनिटांचा: विंडोजची कळ धरून स्पेस दाबा, भाषा मराठी झाली. आता इंग्रजी अक्षरांच्या कळा अशा दाबा: आय, ए, बी, ई. पडद्यावर 'गोवा' उमटतं. मग सी, ई, एम, ई: 'मासा'. एकदा ई म्हणजे काना हे बोटाला कळलं, की 'काम' (के, ई, सी) आपोआप येतं. डी म्हणजे पाय मोडणं. या चार गोष्टींवर पहिला दिवस संपवा. स्वतःच्या बोटांनी उमटलेला पहिला मराठी शब्द जे करतो ते कोणतंही भाषण करत नाही.

खोली आणि यंत्र: पावसाच्या तोंडावर

मध्येच बंद पडणारं यंत्र धास्तीला खतपाणी घालतं. वीज गेली म्हणून पडदा काळा झाला तरी घाबरलेल्या माणसाला वाटतं की आपणच काहीतरी केलं. म्हणून सराव सुरू करण्याआधी एवढं पाहा.

प्रत्येक संगणकाला चालू स्थितीतला यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ यंत्र चालवणारी बॅटरीपेटी) हवा. बॅटरी जुनी असेल तर वीज जाताच तो कुरकुरतो आणि विझतो; प्लग काढून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. किमान पाच मिनिटं तग धरत नसेल तर बॅटरी बदला. फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढा वेळ लागतो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. गडगडाट सुरू झाला की विजेच्या प्लगसोबत नेटवर्कची केबलही काढायची, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही आत येतो. दमट हवेने रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो आणि यंत्र सुरू होताना नुसतं बीप-बीप करतं. तंत्रज्ञ ती काढून खोडरबराने पुसतो आणि यंत्र चालू होतं. पावसाळ्यात, आणि मे महिन्याच्या सुट्टीतही, आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळी यंत्रं चालू ठेवली तर हे प्रकार कमी होतात.

प्रोजेक्टर असेल तर पडद्यावर काहीच न दिसण्याची कारणं ठरलेली असतात: चुकीचा इनपुट, सैल केबल, किंवा डुप्लिकेट (दोन्ही पडद्यांवर एकच चित्र) न निवडलेलं. विंडोजची कळ धरून पी दाबायचा आणि डुप्लिकेट निवडायचं. एचडीएमआय केबल जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधून न येता प्रोजेक्टरकडे जातो. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवरून तो परत वळवता येतो. दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून प्रोजेक्टरच्या शेजारी भिंतीला चिकटवा. दिवा असलेला प्रोजेक्टर मेन स्विचने बंद करू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा.

वर्गासाठी वेगळं लॉगिन ठेवा. शिक्षकांचं स्वतःचं व्हॉट्सॲप त्या ब्राउझरमध्ये उघडलेलं असेल, तर घरचा खासगी निरोप पन्नास मुलांसमोर फळ्याएवढा उमटू शकतो. ही भीती अनाठायी नाही, तेव्हा ती समजावून घालवायची नसते. तिचं कारण काढून टाकायचं असतं.

पहिली बैठक

चार ते सहा जण, प्रत्येकासमोर स्वतःचं यंत्र, चाळीस मिनिटं. आपल्या शाळा दुपारी सुटतात, म्हणून बैठक सहसा दीड-दोनला ठेवली जाते आणि तिथेच ती फसते. पोटात भूक, डोक्यात कदंब बसची वेळ. अशा अवस्थेत नवीन काही शिरत नाही, आणि भीतीही डोक्यातली तीच जागा खाते जिच्यात पुढची पायरी धरून ठेवायची असते. शनिवारचा मधला तास किंवा एखाद्याचे सलग दोन मोकळे तास शोधा. वेळापत्रक थोडं हलवावं लागलं तरी चालेल.

पहिली पंधरा मिनिटं काहीही बनवायचं नाही, फक्त बिघडवायचं. गुणांच्या फाइलची एक नक्कल सगळ्यांना द्या. सगळे आकडे निवडून पुसा. मग कंट्रोल धरून झेड दाबा, आकडे परत. पुन्हा पुसा, या वेळी न सेव्ह करता बंद करा आणि परत उघडा, आकडे जागेवर. आता फाइलच डिलीट करा, रिसायकल बिन उघडा, तिच्यावर राइट क्लिक करून रिस्टोअर निवडा. प्रत्येकाने हे तीन वेळा करायचं. 'कायमचं बिघडेल' ही भीती इथे मोडते. मात्र एक इशारा द्यायलाच हवा: पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. म्हणून मूळ फाइल संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर फक्त नक्कल.

पुढची वीस मिनिटं निवडलेलं काम, एकदा बघून आणि दोनदा स्वतः. शेवटची पाच मिनिटं कुठे अडलं ते बोलण्यासाठी.

शिकवणाऱ्याला दोन पथ्यं. माउस हिसकावायचा नाही, हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. काम तुमच्या हाताने झालं तर समोरच्याला एवढंच कळतं की ते तुम्हाला येतं. अडलेल्याला "पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा बघू" एवढंच म्हणा. निम्मे जण वाचतानाच सुटतात. दुसरं पथ्य, "हे तर अगदी सोपं आहे" असं कधीही म्हणू नका. सोपं आहे आणि तरी मला येत नाही, म्हणजे मीच मठ्ठ, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. "इथे सगळेच अडतात" हे जास्त खरं आणि जास्त उपयोगी.

दाखवणारा शक्यतो संगणकाचा शिक्षक नसावा. मराठी शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं की मराठी शिकवणाऱ्या दुसऱ्या बाईंना वाटतं, यांना जमतं तर मलाही जमेल.

जोडी, हाक आणि वर्ग

बैठकीनंतर तीन आठवडे जोडीने सराव, आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं. एकदाच दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जोडीतला एक थोडा पुढे असावा, पण फार पुढे नको.

अडल्यावर कुणाला हाक मारायची ते ठरलेलं असावं आणि तो माणूस पाच मिनिटांत पोचणारा असावा. आठवी-नववीतली दोन मुलं 'संगणक मित्र' म्हणून तयार करता येतात. केबल, इनपुट, आवाज एवढंच त्यांचं काम. पासवर्ड आणि गुणांची फाइल त्यांच्याकडे कधीही नको. काही शिक्षकांना मुलांची मदत घेणं कमीपणाचं वाटतं, त्यांच्यावर ती लादू नका.

वर्गातला पहिला प्रयोग सगळ्यात शांत तुकडीवर, तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, धडा फळ्यावर पुरा झाल्यावर. नियम दोन मिनिटांचा: तेवढ्यात चालू झालं नाही तर बंद करून खडू हातात घ्यायचा, सबब न सांगता. परतीची वाट उघडी असली की माणूस पुढे पाऊल टाकतो. या तीन-चार आठवड्यांत वरिष्ठांनी वर्गात येऊन पाहणी करू नये. कुणी पॅनल किती वेळ वापरला याचा तक्ता लावला, तर पॅनल चालू दिसेल, शिकवणं मात्र फळ्यावरच होईल.

मुलांची धास्ती वेगळी

मोबाइल सफाईने चालवणारं मूल संगणकापुढे गोंधळतं, हे पाहून मोठ्यांना नवल वाटतं. मोबाइलमध्ये फोल्डर दिसत नाहीत, डबल क्लिक नसतं, सेव्ह करावं लागत नाही. त्यामुळे "मोबाइल येतो ना तुला?" हा टोमणा निरर्थक आहे. राज्य सरकारच्या केअर्स योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शाळांत आलं आहे, पण फाइल कुठे ठेवली ते न सापडणाऱ्या मुलासाठी कोडिंगचा तास रडवेला होतो. पहिले दोन तास फक्त फोल्डर बनवणं, नाव देणं, ठेवणं आणि शोधून काढणं.

वीस संगणक आणि चाळीस मुलं असली की जोडी अटळ. घरी संगणक असलेलं मूल माउस सोडत नाही, दुसरं वर्षभर नुसतं बघतं आणि 'मला येत नाही' हे पक्कं करून घेतं. दर दहा मिनिटांनी घंटी वाजवा आणि खुर्च्या बदला. ज्याच्याकडे माउस नाही त्याने फक्त बोलून सांगायचं. शाळेनंतर थांबवून सराव घेण्याचा बेत बहुतेक ठिकाणी फसतो, कारण बालरथ (मुलांना घरी नेणारी शाळेची बस) सुटतो. जे काही करायचं ते तासातच.

सुलभता मोजणं आणि पुढचं

सहाव्या आठवड्यात, प्रत्येकाने साधन चार-पाचदा वापरल्यावर, त्याची सुलभता मोजा. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा विधानांची श्रेणी (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) यासाठी सर्रास वापरतात. १ ते ५ गुण द्यायचे. विषम क्रमांकांच्या विधानांतून १ वजा करायचा, सम क्रमांकांचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. समजा एका बाईंनी क्रमाने ४, २, ४, ३, ३, २, ४, २, ३, ३ असे गुण दिले. विषम विधानांचे १३, समचे १३, बेरीज २६, गुणाकार ६५. हे शंभरपैकी गुण आहेत, टक्केवारी नव्हे. सरासरी साधन ६८ च्या आसपास येतं. चौथं विधान तंत्रज्ञाची मदत लागेल असं सांगतं आणि दहावं आधी बरंच शिकावं लागलं असं. हे दोन वेगळे पाहा. तिथे ४-५ पडत असतील तर सराव संपवायची वेळ आलेली नाही.

दहाव्या आठवड्यात धास्तीची चिठ्ठी पुन्हा वाटा. धास्ती उतरली पण सुलभता ६८ च्या बरीच खाली, तर साधन बदला किंवा पायऱ्या आणखी छाटा. माणसं तयार आहेत. सुलभता चांगली आणि धास्ती तशीच, तर कोणतं विधान हललं नाही ते शोधा. बहुधा ते दुसरं, मुलांसमोरचं असतं, आणि त्याला जोडीदारासोबत घेतलेले आणखी चार-पाच तास लागतात. दोन्ही ठीक असूनही वापर नाही, तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. कुठेतरी कागदाची वही अजून चालू असते.

आणि चवथीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या आठवड्यात प्रत्येक जोडीला दहा मिनिटं पुन्हा यंत्रासमोर बसवा. मोठ्या खंडानंतर पासवर्ड विसरलेले असतात, अपडेटने एखादं बटण सरकलेलं असतं. तेव्हा एकटं सोडलं तर जूनमधली धास्ती सप्टेंबरमध्ये परत येते.